चौथ्या गाण्याआधीची ठेच

९ जानेवारी

आक्का,

वाकून नमस्कार केलाय असं समज. पाठ आता फार वाकू देत नाही.

सोबत ‘न थांबता’चा अठ्ठाविसावा भाग आहे. दरवर्षी पाठवतो तसाच पाठवतोय, पण यावेळी नुसता ऐकून कपाटात ठेवू नकोस. एक काम आहे.

कंपनीत नवे साहेब आलेत. वय माझ्या निम्मं, खुर्ची माझ्या दुप्पट. त्यांचं पत्र आलं. म्हणतात, तुमची मालिका शिळी झाली. अठ्ठावीस वर्षं एक डीजे दरवर्षी तासभर गाणी एकमेकांत मिसळून देतो, आणि आता लोकांना एक भाग दुसऱ्यापासून ओळखू येत नाही. मार्चमध्ये बैठक आहे. चालू ठेवायची की गाशा गुंडाळायचा ते तिथे ठरेल.

मी कळवलं की निकाल लावण्याआधी ऐकणाऱ्याला विचारा. त्यावर त्यांचं उत्तर असं की मग पहिल्यापासून सगळे भाग ऐकलेला एक तरी माणूस दाखवा, आणि तो या धंद्यातला नको. असा माणूस जगात एकच आहे. ती तू.

साहेबांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. त्यांना एक पत्र टाक. काय लिहायचं ते मी शिकवणार नाही. पण एवढं ध्यानात ठेव की कार्यक्रम करणं मी कधीच सोडलंय. वर्षातला हा एक तास गेला तर माझ्याकडे दाखवायला काही उरत नाही.

आणि मला वेगळं लिही. खरंच शिळं झालंय का गं? मला स्वतःला सांगता येत नाही. हिला विचारलं की ही ‘छान’ म्हणते. भाजीत मीठ नसलं तरी मी पण ‘छान’च म्हणतो, त्यामुळे आमच्या घरात त्या शब्दाला काही भाव राहिलेला नाही.

फोन करू नकोस, पत्रच लिही. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

*

२४ जानेवारी

धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच. तू मागायला आला नाहीस म्हणून ते संपलेले नाहीत.

फोन करू नकोस हे लिहायची गरज नव्हती. फोन तुझी बायको उचलते आणि ‘ते कामात आहेत’ म्हणते. तेरा वर्षं माणूस कामात आहे आणि काम किती, तर वर्षाला एक तास. इथे मी दिवसाला तीन वेळा स्वयंपाक करते, तरी फोन उचलते.

भाग ऐकला. एकदाच ऐकला आहे, त्यामुळे आत्ताच काही बोलत नाही. यजमान शेजारी पेपर वाचत होते. म्हणाले, मागच्या वर्षीचा पुन्हा का लावलास? मी म्हटलं, हा यंदाचा आहे. म्हणाले, बरं, मग यंदाचा पुन्हा का लावलास? हसू नकोस. ते गाणी ऐकत नाहीत, त्यांनासुद्धा कळलं.

पण मी माणसाच्या म्हणण्यावर जात नाही, मी वहीवर जाते. तुला आठवत नसेल, म्हणून सांगते. पहिला भाग याच घरात भरला. स्वयंपाकघरातलं टेबल, आपला एक टेपरेकॉर्डर, शेजाऱ्यांचा एक. तू बोट वर करायचास आणि मी दुसऱ्याचं बटण दाबायची. एक गाणं दुसऱ्यात मिसळतं त्या जागेला तुम्ही लोक मिक्स म्हणता, आपण त्या टेबलावर सांधा म्हणायचो. तिसरं संपून चौथं लागताना माझं बोट अर्धा ठेका उशिरा पडलं. चालता चालता ठेच लागावी तसं झालं. तू म्हणालास, राहू दे, पुन्हा भरायला वेळ नाही. ती ठेच कंपनीने तशीच छापली. आतल्या कागदावर आभाराची तेवीस नावं होती. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा होता, तुला दुचाकीवरून सोडणारा होता. मी नव्हते. मी त्याचं मनात काही ठेवलेलं नाही, आकडा तेवढा लक्षात आहे.

तेव्हापासून वही ठेवली. पुढून घरखर्च, मागून तुझी गाणी. कितवं गाणं, कितव्या मिनिटाला लागलं, सांधा कुठे आला, ठेका किती जलद. चौदावा भाग आला तेव्हा चौदाही भाग नव्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून तुला पाठवले होते. एक महिना माझे डोळे त्यात गेले. ‘मिळाली’ एवढं कळवायलाही तुला फुरसत झाली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात आलास तेव्हा विचारीन म्हटलं, तर मी मागून तीन हाका मारल्या आणि तू मान वळवली नाहीस. भरल्या मांडवात. मोठा माणूस झालास, चांगलं आहे.

आता सगळे भाग ओळीने ऐकणार आहे. जे निघेल ते साहेबांना लिहीन. खोटं लिहिणार नाही, ते आधीच सांगते. रोज सकाळी मी देवापुढे बसते, आणि ज्या तोंडाने बसते त्याच तोंडाने मला दुसऱ्या दिवशीही बसायचं असतं.

आक्का

*

३ फेब्रुवारी

आक्का,

नमस्कार. तू रागावलीस की तुझं अक्षर जास्त सुंदर होतं, हे मी लहानपणापासून बघतोय.

मी तुला मत विचारलं होतं, तपासणी नव्हे. सगळे भाग ओळीने ऐकणार म्हणजे काय? अठ्ठावीस जेवणं एका बैठकीला जेवलीस तर शेवटी सगळ्यांची चव एकच लागणार. गाणी मिनिटांनी मोजायची नसतात. तू मॅट्रिकला गणितात पहिली आलीस ते चांगलंच आहे, पण नाचणारा माणूस घड्याळ घेऊन नाचत नाही.

आणि तेच तेच म्हणजे वाईट कशावरून? लोकांना माहीत असतं की आता ठेका चढणार, आता जरा उतरणार, आता श्वास घ्यायला जागा मिळणार. त्यासाठीच घेतात ते. तुझी सकाळ गेली तीस वर्षं तशीच आहे. तोच तांब्या, तीच समई, तोच भावोजींचा चहा, तीच वही. तुला कुणी शिळी म्हणायला आलं का? आलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. तू मात्र माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करायला बसलीस.

लग्नातल्या हाकांचं मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. गर्दी होती.

तीन ओळी लिही, आक्का. ‘मी सगळे भाग ऐकले आहेत. मला आवडतात. पुढचा यावा.’ बास. एवढ्याने तुझा देव काही उठून जाणार नाही. बैठक अठरा मार्चला आहे.

धाकटा

*

२ मार्च

धाकट्यास,

आशीर्वाद.

साहेबांना पत्र गेलं. तीन ओळी नाहीत, चार पानं आहेत. तू नको म्हणालास तरी मिनिटं मोजली, आणि बरं झालं मोजली.

इतकी वर्षं मी नुसतं उतरवत गेले. दोन पानं शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. या वेळी बघितलं. पहिले चौदा भाग चौदा तऱ्हांचे आहेत. काही मला आवडले नव्हते, आठव्यात तर नुसता गोंगाट आहे, पण प्रत्येक ठिकाणी काहीतरी करून बघणारा माणूस दिसतो. पंधराव्यापासून तो माणूस दिसत नाही. पंधरावा भाग म्हणजे पहिला भाग. गाणी वेगळी, पण अकराही सांधे त्याच मिनिटाला, त्याच सेकंदाला. सोळावा म्हणजे दुसरा. सतरावा म्हणजे तिसरा. असं करत करत अठ्ठाविसावा म्हणजे चौदावा. एकही सुटलेला नाही. मी दोनदा ताडून बघितलं, मग यजमानांना आकडे वाचायला लावले आणि मी डोळे मिटून ऐकलं.

एक वेळ आळस समजू शकते. पण बाराव्या मिनिटाला चाळीस सेकंदांवर, तिसरं संपून चौथं लागताना, पंधराव्या भागात ठेच आहे. अर्धा ठेका उशीर. माझ्या बोटाची चूक, चौदा वर्षांनी, मोठ्या यंत्रावर, जशीच्या तशी. माझ्या वहीत त्या ओळीपुढे मीच तेव्हा प्रश्नचिन्ह केलं होतं, इतकी मी भोळी. आता कळलं. आभारात नाव घालायचं सुचलं नाही, पण बहिणीच्या चुकीची नक्कल करून हसायचं सुचलं. कुणाकुणाला ऐकवून हसलास? तुझ्या बायकोला तरी सांगितलं असशील, की ही बघ, ही आमची आक्का.

वहीबद्दल याही पत्रात तू गप्प आहेस. रद्दीत गेली असेल तर तसं लिही, मी काही मरणार नाही.

माझी सकाळ तीस वर्षं तीच आहे हे खरं आहे. पण ती मी कुणाला नवी म्हणून विकत नाही.

आक्का

*

२० मार्च

आदरणीय बाईसाहेब,

आपला चार पानी अभिप्राय मिळाला. या व्यवसायात बारा वर्षं काढूनही इतकं बारीक ऐकणारं माणूस मला भेटलेलं नाही. आपण सांगितलेले सर्व सांधे आम्ही यंत्रावर तपासले. एका सेकंदाचाही फरक निघाला नाही.

अठरा तारखेच्या बैठकीत मी आपला अभिप्राय पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. आपले बंधू समोरच बसले होते, त्यामुळे खरं सांगायचं तर मला संकोच वाटत होता. परंतु ते सुरुवातीपासून हसतमुख होते आणि जागोजागी मान डोलावून दाद देत होते. ‘हा माणूस चौदाव्या भागातच संपला, त्यानंतर तुमची कंपनी दरवर्षी त्याच्या प्रेताला इस्त्री करून विकते आहे,’ हे आपलं वाक्य वाचताना माझाच आवाज अडखळला, पण त्यांनी तर हात जोडून माझ्याकडे बघत नमस्कार केला. इतकी मोकळी वृत्ती कलावंतांमध्ये क्वचितच दिसते. त्यांच्या पत्नी सोबत होत्या, त्या मात्र मान खाली घालून बसल्या होत्या.

‘न थांबता’ ही मालिका अठ्ठाविसाव्या भागानंतर थांबवण्याचा निर्णय एकमताने झाला. निर्णय घेणं आपल्यामुळे सोपं गेलं. त्याबद्दल आभार.

आपला,
व्यवस्थापक

*

२८ मार्च

धाकट्यास,

साहेबांचं पत्र आलं. तू हसलास म्हणे.

मी ती चार पानं लिहिताना दोनदा फाडली होती. प्रेताचं वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं. मला वाटलं होतं तुझं पत्र येईल, लाखोली वाहिलेली असेल. नाहीतर स्वतः येशील, दारात उभा राहून भांडशील. भांडायला तरी येशील. मी दोन दिवस चांगले कप बाहेर काढून ठेवले होते, आता परत फडताळात ठेवले.

तू काय केलंस, तर मान डोलावलीस. हात जोडलेस. म्हणजे माझ्या बोलण्याचा तुझ्यावर एवढाही ओरखडा उठला नाही. लहानपणी मी मारलं की तू असाच हसायचास, मला आणखी चीड यावी म्हणून.

मालिका बंद झाली याचं मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. मी वहीच्या शेवटच्या पानावर रेघ मारली आणि घरखर्चासाठी मागची पानं वापरायला घेतली. बरीच उरली आहेत.

आता पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल.

आक्का

*

१७ जून

वन्संना नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. फोनवर ‘ते कामात आहेत’ एवढंच बोलत आले, त्याचा तुम्हाला राग आहे. तो आज निवेल.

त्यांना ऐकू येत नाही. चौदावा भाग झाला त्या वर्षी मोठा ताप आला होता, तो उतरला आणि सोबत उजवा कान घेऊन गेला. सहा महिन्यांत डावा गेला. यंत्र लावून बघितलं, त्याने नुसती खरखर मोठी होते. तुम्ही लग्नात मारलेल्या तीन हाका मी ऐकल्या होत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना वळवणार होते, तेवढ्यात तुम्ही तोंड फिरवून निघून गेलात.

त्यांनी मला शपथ घातली होती की कुणाला सांगायचं नाही. बहिरा डीजे म्हणून लोक हसतील, आणि आक्का तर मोजून हसेल, असं म्हणाले होते. म्हणून कार्यक्रम सोडले, पाठीचं निमित्त केलं. पण कंपनीशी करार होता आणि भाग द्यायचाच होता. त्याच वेळी तुमची वही आली होती.

वन्सं, मी शिवणकाम करणारी बाई. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण कुणी माप लिहून दिलं तर मी कापड बरोबर कापते. तुमची वही बघितली आणि मला वाटलं, देवानेच मापं पाठवली. कितव्या मिनिटाला काय, ठेका किती, सांधा कुठे, सगळं लिहिलेलं. पंधरावा भाग मी पहिल्याच्या मापाने बेतला. कंपनी नवी गाणी पाठवायची, त्यातली त्या त्या वेगाची मी निवडायची आणि जोडायची. ते स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून बसायचे. ठेका बरोबर असला की मान हलवायचे. तेवढंच त्यांना पोचायचं. चौदा वर्षं तुमची वही माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे. तिचा पुठ्ठा दोनदा बदलला. ती रद्दीत गेलेली नाही.

आता ठेचेबद्दल. वहीत तुम्ही लिहिलं होतं, ‘चौथं अर्धा ठेका उशिरा’. चूक आहे असं कुठेही लिहिलं नव्हतं. तुमचं बोट होतं असंही लिहिलं नव्हतं. स्वतःची चूक तुम्ही सुवाच्य अक्षरात उतरवलीत, पण तिला चूक म्हणायला तुमची लेखणी धजली नाही. मला वाटलं, हीच यांची खुबी असेल, म्हणून लोक घेतात. ती जागा साधायला मला नऊ दिवस लागले. तुम्हाला ती थट्टा वाटली.

तुमचं दोन मार्चचं पत्र मी त्यांना दिलं नाही. अठ्ठावीस मार्चचंही दिलं नाही. बैठकीला जाताना माझी आशा एवढीच होती की साहेब तुमची चार पानं मनातल्या मनात वाचतील. त्यांनी मोठ्याने वाचली. आमची खूण ठरलेली आहे. चारचौघांत मी गुडघ्यावर हात ठेवला की कुणीतरी चांगलं बोलतंय असं समजून त्यांनी हसायचं आणि मान हलवायची. मी चारही पानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. प्रेताच्या वाक्याला मी हात दाबला, कारण साहेबांचा चेहरा बघून त्यांना शंका येऊ लागली होती. त्यांना वाटलं, फार मोठं कौतुक झालं. म्हणून त्यांनी हात जोडले.

बाहेर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आक्काने काय लिहिलं? मी सांगितलं, तुम्ही भरभरून लिहिलंत, पण आता लोक फोनवर फुकट ऐकतात, म्हणून कंपनीचा नाइलाज झाला. हे मी नाही बोलले, कागदावर लिहून दिलं. माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता आणि मला त्याची लाजही नाही.

त्यांनी आता ठरवलं आहे की एकोणतिसावा भाग करायचा, फक्त तुमच्यासाठी. एकच प्रत. तिसावाही. जमेल तोवर दरवर्षी. चौदा मापं संपली, म्हणून मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करणार आहे. ती ठेच काय आहे ते आता मला माहीत आहे. तरी मी ती ठेवणार आहे, अर्धा ठेका, बाराव्या मिनिटाला.

तुम्ही काय करायचं तेही सांगते. भाग मिळाला की ऐकायचा आणि त्यांना पत्र लिहायचं की नवा आहे. एक ओळ लिहून भागणार नाही, ते चार वेळा वाचतात आणि शंका काढतात. काय आवडलं, कुठे आवडलं, ते मिनिटासकट लिहायचं. ते तुम्हाला येतं. तुमची पत्रं आधी मीच उघडते, हे ध्यानात असू द्या. खरं तुम्ही एकदा लिहिलंत, ते पुष्कळ झालं.

सोबत त्यांचं पत्र आहे.

तुमची भावजय

*

१० जून

आक्का,

वाकून नमस्कार. या वेळी खरंच वाकलो, ही साक्षीला आहे.

कानांचं ही तुला लिहिणार आहे, मला लिहवत नाही. तेरा वर्षं तुझ्यापासून लपवलं. तू माझ्या पहिल्या भागाची अर्धी मालकीण आणि तुलाच सांगायची लाज वाटली. तुझ्या तीन हाकांचं वाचलं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि तू काय केलंस? मला पत्रातून झोडपलंस, घाबरवलंस, आणि साहेबांना मात्र चार पानं कौतुक लिहिलंस. आक्का ती आक्काच. साहेब वाचत होते तेव्हा मला एक शब्द कळत नव्हता, पण त्यांचा चेहरा बघत होतो. एका जागी तर त्यांचा गळा भरून आला. मी तिथेच हात जोडले. ‘माझा भाऊ अजूनही नवा आहे’ असं तू लिहिलंस ना? हिने ते मला कागदावर लिहून दिलंय. तो कागद शर्टाच्या खिशात असतो. शर्ट बदलला की कागद त्या खिशात जातो.

मालिका गेली याचं वाईट नाही. शिळं झालं म्हणून गेली असती तर मी जगलो नसतो. तेवढी एकच भीती होती, ती तू घालवलीस.

एकोणतिसावा भाग करतोय. हा कंपनीचा नाही, तुझा. जानेवारीत पाठवीन. नेहमीसारखं बारीक ऐक आणि खरं खरं लिही. तू खोटं लिहीत नाहीस, म्हणून तर तुला विचारतो.

वही जपून ठेवली आहे. मिळाली होती.

तुझा धाकटा

*

१९ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद.

एकोणतिसावा भाग मिळाला. उत्तराला उशीर झाला, कारण तीन वेळा ऐकला. मी बरी आहे. देवापुढे बसते, हल्ली थोडा कमी वेळ बसते.

तू खरं विचारलंस, म्हणून लिहिते. शिळा नाही. सुरुवातीला ठेका संथ ठेवलास ते मला फार आवडलं. सातव्या मिनिटाला तो चढतो तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. सव्विसाव्या मिनिटाला श्वास घ्यायला जागा दिलीस, तिथे यजमानांनीही पेपर खाली केला. त्यांनी विचारलं, हा कितवा? मी म्हटलं, नवा आहे. ते पुन्हा पेपरात शिरले. भागाची नोंद वहीत केली. घरखर्चाची पानं फाडून जागा केली. जुन्या पानांशी ताडून बघितलं नाही, कारण गरज वाटली नाही.

आतल्या कागदावर आभाराचं एकच नाव आहे आणि ते माझं आहे, हे बघितलं. अक्षर तुझंच आहे. तो कागद मी समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

तुझ्या बायकोला सांग, मिनिटासकट लिहिलं आहे.

एकच जागा राहिली. बाराव्या मिनिटाला चाळीस सेकंदांवर, तिसरं संपून चौथं लागतं तिथे. इतकी वर्षं ऐकते आहे, धाकट्या, पण असं काही तू याआधी कधी केलं नव्हतंस.

आक्का